आषाढातली चूल

आषाढात भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांत स्वयंपाकाला वेळ नसतो. खाचरं भरली की चिखलणी सुरू होते. राबातली रोपं उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि त्या सुकायच्या आत चिखलात रोवायच्या. बैल-नांगर पुरुषांच्या हाती, लावणी बायांच्या. डोक्यावर इरलं, पाय चिखलात आणि दिवसभर वाकलेली कंबर. या थोड्या दिवसांच्या कामावर वर्षाचा भात ठरतो. दुपारी घरी परतून चूल पेटवण्याची सवड कुणालाच नसते. शिवाय सरपण ओलं, वाट निसरडी आणि घर लांब.

तरीही या दिवसांत घरातली सगळी माणसं जेवतात, आणि ऐन कष्टाच्या दिवसांत पोटभर जेवतात. कमी वेळात, कमी खर्चात घरचं जेवण कसं करावं हा प्रश्न शहरातल्या नोकरदार घरांना आज पडतो. सह्याद्रीच्या या कोपऱ्यात तो प्रत्येक पावसाळ्यात पडत आला. इथल्या बायांनी त्याचं जे उत्तर काढलं ते चुलीपासून बरंच लांब होतं. दुपारचं काम त्यांनी पहाटेवर ढकललं आणि पावसाळ्याचं काम उन्हाळ्यावर.

हा मुलूख बारा मावळांपैकी. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, कानद खोरं अशी त्याची जुनी नावं. पुढे पंत सचिवांच्या भोर संस्थानात तालुक्यांना गडांची नावं मिळाली: प्रचंडगड, राजगड, विचित्रगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. आजच्या वेल्ह्याचा मोठा भाग या संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. गडाचं नाव तालुक्याला देण्याची ती रीत २०२४मध्ये पुन्हा दिसली, वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला तेव्हा. राज्यं आणि नावं बदलली, पण जमिनीचे दोन प्रकार तेच राहिले. नदी-ओढ्यांच्या काठची भातखाचरं आणि डोंगरउतारावरची वरकस.

चुलीचा हिशेब या वरकस जमिनीवर सुरू होतो. तिच्यात एका वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरी किंवा सावा, मग कारळे, आणि त्यानंतर काही वर्षं पड, असा फेरा चाले. भात हे मानाचं पीक. देणं भागवायला, बाजारात विकायला आणि सणाला ते कामी येई. रोजच्या पोटाला आधार नाचणीचा. नाचणी गरिबाचं धान्य म्हणून ओळखली गेली, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नजरेतून पाहिलं तर तिचे गुण वेगळेच दिसतात. भात, वरी, सावा यांवर टरफल असतं. उखळात घालून मुसळानं कांडल्याशिवाय, पाखडल्याशिवाय त्यांचा दाणा खाण्याजोगा होत नाही. नाचणीला हा खटाटोप लागत नाही. मळून साफ केली की ती थेट जात्यात जाते. तिला कीडही सहज लागत नाही, नीट वाळवली तर ती वर्षानुवर्षं टिकते. एका वर्षी पीक बुडालं तरी मागच्या वर्षीची नाचणी कणगीत असे. कांडपाचा वेळ वाचवणारं आणि दुष्काळात धीर देणारं हे धान्य उतारावरच्या हलक्या जमिनीत पिके, हा या डोंगरी घरांचा मोठाच आधार होता.

धान्य साठवण्याची तऱ्हाही इथल्या हवेनं ठरवली. देशावर कोरड्या जमिनीत पेवं खणून ज्वारी पुरून ठेवत. मावळच्या ओल्या भुईत ते जमण्यासारखं नव्हतं. इथे बांबूच्या कामट्यांची कणगी विणायची, तिला शेणमातीनं आतून-बाहेरून लिंपायचं आणि ती घरातच, चुलीची ऊब लागेल अशा बेतानं उभी करायची. हुलगे, उडीद, वाल राख चोळून मडक्यांत भरायचे. मडक्यावर मडकं चढवलेली ती उतरंड म्हणजे घराचं अंदाजपत्रक. पुढचे चार महिने किती तोंडं खाणार, पाहुणे किती येणार, लावणीला माणसं किती लागणार आणि बियाण्याला हात न लावता उरतं किती, याची मोजदाद घरातली जाणती बाई वैशाखात करून ठेवी.

मराठी राज्याच्या कारभारातही हाच विचार दिसतो. शिवाजी महाराजांचं एक प्रसिद्ध पत्र चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना गेलेलं आहे. राज्याभिषेकाच्या आसपासचा तो काळ. पावसाळ्यासाठी दाणा, वैरण कष्टानं जमवली आहे, ती आताच मनास येईल तशी उडवली तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग रयतेला उपद्रव होईल, असा त्याचा आशय. पुढे भलत्या ठिकाणी चुली पेटवण्याबद्दल आणि तंबाखूसाठी विस्तव नेण्याबद्दल ताकीद आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेतील आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जातं. पत्र लिहवून घेणाऱ्या राजाची तरुणपणापासूनची बरीच वर्षं राजगडावर गेली होती. पावसाची बेगमी हा डोंगरात राज्य करणाऱ्यालाही न चुकणारा हिशेब होता.

उन्हाळ्यात तयार होणाऱ्या वस्तूंची यादी लांब होती. तांदळाचे पापड, कुरडया, सांडगे. हुलगे भाजून, दळून ठेवलेलं पीठ. वर्षाची मिरची, वर्षाचं मीठ. कारळ्याची चटणी, जी भाकरीबरोबर कोरडीच खाता येते आणि दिवसेंदिवस टिकते. कोकणातून वर येणारी सुकट आणि बोंबील ही आणखी एक तरतूद. वरंध, मढे अशा घाटांनी कोकणाशी येणं-जाणं होतं. मीठ आणि सुकी मासळी वर यायची, घाटावरचा माल खाली उतरायचा. मूठभर सुकट तव्यावर भाजली, तिच्यात मिरची-कांदा टाकला की कालवण झालं. पावसात भाजी विकत आणण्याचा प्रश्नच नसे. कुर्डू, टाकळा, भारंग, करटोली, चाई या रानभाज्या बांधावर आणि जंगलात उगवत, ओढ्याला खेकडे मिळत. त्यांना पैसे पडत नसत. मात्र कोणती भाजी कधी कोवळी असते, कोणती दोनदा उकडून पाणी टाकावी लागते, ही माहिती सासूकडून सुनेकडे जावी लागे.

आता पहाट. लावणीच्या दिवसांतही पीठ ताजंच लागे, कारण नाचणीचं किंवा तांदळाचं पीठ दमट हवेत टिकत नाही. त्यामुळे कोंबडा आरवायच्या आधी जातं घरघरू लागे. दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं खुंटा ओढायचा, दुसरीनं ढकलायचा आणि मुठीमुठीनं वैरण घालायची. जात्यावरच्या ओव्या या वेळात रचल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत आणि पुढे महाराष्ट्रभर हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भाऊ, माहेर, विठ्ठल, लेक, सासुरवास असे त्यांचे विषय. इतक्या ओव्या जमतात यावरूनच बायांची किती वर्षं जात्यावर गेली असतील याचा अंदाज येतो. दुपारचं जेवण झटपट दिसायचं ते या काळोखातल्या कामामुळे. शेतात पोहोचणाऱ्या पाटीत भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या असत, त्यांवर ठेचा किंवा चटणी आणि एखादा कांदा. वाढायला भांडं लागत नसे, भाकरीच ताट होई.

चुलीची रचनाही वेळ आणि सरपण वाचवण्यासाठी घडलेली. मुख्य चुलीच्या बाजूला मातीचं दुसरं तोंड असतं, तो वैल. चुलीतला जाळ भाकरीला लागत असताना त्याचीच धग आतल्या वाटेनं वैलाकडे जाते आणि तिथे हुलगे शिजतात, दूध तापतं किंवा भात मुरतो. तव्यावर भाजलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी केली की टम्म फुगते, तिला वेगळा जाळ लागत नाही. उरलेल्या निखाऱ्यांत बोंबील भाजायचे, आणि त्यावर राख ओढून विस्तव संध्याकाळपर्यंत जपायचा. हे सगळं साधायचं कारण इंधनाची ओढाताण. भाताची रोपं वाढवायची जागा आधी शेण, टहाळ आणि पालापाचोळा पसरून भाजावी लागते. हाच तो राब. जे शेण गोवरीला हवं तेच राबालाही हवं. जी फांदी चुलीत जायची तीच शेतात जाळायची. म्हणून मावळातल्या चुलीला एका जाळावर दोन-तीन कामं उरकावी लागत.

काही पदार्थ तर वेळेच्या टंचाईतूनच आकाराला आले असावेत. आंबील घ्या. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवायचं, ते आपोआप आंबतं. सकाळी शिजवून मीठ घातलं की न्याहारी झाली, आणि उन्हात काम करणाऱ्याला ती गारवाही देते. हुलग्याचं पिठलं करायला एक फोडणी, उकळतं पाणी आणि आधीच दळून ठेवलेलं पीठ पुरतं. आज बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणांचं तत्त्व याहून वेगळं नाही. कांडताना तुटलेल्या तांदळाच्या कण्या विकायच्या नसतात, त्या घरात शिजतात. अख्ख्या तांदळापेक्षा त्या लवकर शिजतात, त्यांची पातळ पेज म्हाताऱ्यांना आणि लहानांना चालते. हुलगे शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, त्याचं कळण करायचं. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला. चांगला तांदूळ बाजारात आणि कण्या चुलीवर, ही वाटणी काटकसरीची होती आणि गरिबीचीही. या घरांत त्या दोहोंमध्ये फार अंतर नव्हतं.

लावणीचं काम एका घरानं उरकत नाही. त्यासाठी सावड. आज तुझ्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या. मजुरी पैशात द्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. इर्जिकीत सगळा गाव एकाचं काम उरकायला येई आणि त्या घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. अशा दिवशी स्वयंपाकाची गणितं बदलत. वीस-पंचवीस माणसांना एकाच घरची चूल पुरत नाही, म्हणून भाकरी शेजारणी आपापल्या घरी थापून देत आणि कालवण यजमानाच्या घरी मोठ्या टोपात शिजे. जमलेल्या बायांत एखादी म्हातारी मागे राहून सगळ्यांची पोरं सांभाळी. घरोघर रोज होणारा स्वयंपाक त्या दिवसापुरता वाटला जाई. मोबदल्याच्या चोख हिशेबावर सावड टिकली होती. ज्या घरात बाई आजारी किंवा माणसं कमी, ते घर या देवघेवीत मागे पडे, हेही खरं.

विसाव्या शतकात या कारभाराचा पाया हलला तो पाण्यामुळे. वेळवंडी नदीवर भाटघरला १९२८मध्ये मोठं धरण उभं राहिलं. नीरेच्या कालव्यांतून पाणी बारामती-इंदापूरकडे गेलं, तिथे ऊस पिकला. वरच्या खोऱ्यातली खाचरं मात्र पाण्याखाली गेली. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणं या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत होत गेली. बुडाली ती बहुतेक नदीकाठची सकस भातजमीन, उरला तो उतार. नुसत्या उतारावर कुटुंबाचं वर्ष निघत नाही. आधीपासून सुरू असलेली मुंबईची वाट आणखी रुळली. पुरुष गिरणीत, गोदीत, बाजारपेठांत हमालीला गेले. गावात राहिलेली बाई शेत आणि चूल दोन्ही ओढू लागली. मनिऑर्डर आली की मीठ, तेल, रॉकेल. नाही आली तर कणगी.

मुंबईत गेलेल्या पुरुषांच्या जेवणाचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला. गिरणगावातल्या एकेका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीनं राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या बाया म्हणजे खानावळवाल्या. त्या स्वतःच गिरणी कामगारांच्या घरातल्या. किराणा उधारीवर घ्यायचा, महिन्याच्या पगारावर पैसे वसूल करायचे आणि पाळ्यांच्या वेळा सांभाळत दिवसातून अनेकदा भाकरी थापायची. सावकाराच्या व्याजात त्यांची कमाई जाई. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं छोटं कर्ज मिळवून दिलं. गावाकडे ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं त्याची तिथे बँकेत नोंद झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पगार थांबला तशी खानावळींची वसुलीही थांबली. अनेक घाटी कामगार गावी परतले, पुन्हा त्याच उताराकडे.

तोवर गावची चूलही बदलू लागली होती. डिझेल इंजिनावरची आणि मग विजेवरची पिठाची गिरणी बाजारच्या गावात आली, हळूहळू मोठ्या वाड्यांपर्यंत पोहोचली. भात भरडायची गिरणी आली आणि मुसळ कोपऱ्यात गेलं. बायांच्या अंगावरचं सर्वांत जड ओझं या दोन यंत्रांनी उतरवलं. हा फरक गॅसपेक्षाही मोठा मानावा लागेल. अर्थात गिरणी म्हणजे डोक्यावर धान्याचं गठुडं घेऊन डोंगर उतरणं, दळणाचे पैसे देणं आणि वीज नसली तर थांबणं. आठवड्याचं दळण एकदम आणायची सवय लागली आणि नियोजनाचं माप पहाटेवरून आठवडी बाजारावर गेलं. प्रेशर कुकर भारतात १९५९च्या सुमारास बनू लागला. भात-डाळीसाठी तो वरदान ठरला, भाकरीला त्याचा उपयोग नाही. जसजसा कुकर घरांत शिरला तसतसं संध्याकाळचं जेवण वरण-भाताकडे झुकलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं विकसित केलेलं इंद्रायणी वाण १९८७मध्ये आलं आणि सुवासिक, मऊ तांदळाला पुण्याची बाजारपेठ मिळाली. जुना आंबेमोहोर कमी उत्पन्न देतो. त्याची कितीतरी खाचरं इंद्रायणीनं घेतली.

मुलांचं दुपारचं जेवण घरच्या चुलीवरून उतरलं ते शाळेमुळे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात पोषण आहाराची योजना सुरू झाली. आधी धान्य घरी मिळे, पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. शेतावर जाणाऱ्या आईचा सकाळचा एक डबा कमी झाला. ती खिचडी शिजवते बहुधा गावातलीच दुसरी बाई, तुटपुंज्या मानधनावर. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि उरलेल्या घरांत गॅसची शेगडी आली. ती चहाला, भाजीला आणि घाईच्या वेळी पेटते. सिलिंडर भरून आणायचे पैसे आणि अंतर लक्षात घेऊन अंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच असते.

याच काळात डोंगरातलं जेवण विकलंही जाऊ लागलं. १ मे १९९५ रोजी राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं सुरू झाली. ती काही वर्षांत बंद पडली. स्वस्त जेवणाची पुढची सरकारी योजना दहा रुपयांची शिवभोजन थाळी, २६ जानेवारी २०२०ची. भोर-वेल्ह्यात मात्र झुणका-भाकरीला गिऱ्हाईक दुसऱ्याच बाजूनं आलं. राजगड आणि तोरण्यावर येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. गुंजवणे, पाली, वेल्हे अशा पायथ्याच्या गावांत घरोघरी जेवणाची सोय होऊ लागली. शनिवारी फोन येतो, किती माणसं आणि किती वाजता ते ठरतं आणि रविवारी पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात तयार असतो. गडावर ताक आणि लिंबू-सरबत घेऊन बाया चढतात. सावडीच्या दिवशी जसं काम वाटून घेत तसंच इथेही चालतं. गट मोठा असला की भाकरी दोन-तीन घरी थापल्या जातात, फरक इतकाच की आता प्रत्येक भाकरीचे पैसे ठरलेले असतात. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी या भागात बांधलेल्या बचत गटांमुळे काहींना पापड, चटण्या, नाचणीचं पीठ विकायची सवय झाली. दुसरीकडे खेड-शिवापूर आणि शिरवळच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणी पहाटेच डबा भरून बस पकडतात. त्यांच्या डब्यात भाकरीपेक्षा चपाती जास्त, कारण ती गार झाली तरी मऊ राहते आणि गहू रेशनवर मिळतो.

रेशननं जेवणाचा शेवटचा मोठा बदल घडवला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं पात्र घराला माणशी महिन्याला ५ किलो धान्य दोन-तीन रुपये किलोनं देऊ केलं. जानेवारी २०२३पासून ते फुकट झालं. या धान्यात प्रामुख्यानं तांदूळ आणि गहू असतो. नाचणीचा भाव दरम्यान उलट दिशेनं गेला. २०१४-१५मध्ये केंद्राची किमान आधारभूत किंमत नाचणीला क्विंटलमागे १,५५० रुपये आणि साध्या भाताला १,३६० रुपये होती. २०२४-२५मध्ये भात २,३०० रुपयांवर पोहोचला आणि नाचणी ४,२९० रुपयांवर. शहरातले डॉक्टर नाचणी खायला सांगतात, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, पुण्याच्या दुकानांत तिची बिस्किटं आणि लाडू मांडलेले असतात. वरकस उतार नांगरायला मात्र तरुण हात कमी आहेत, आणि ज्यांच्याकडे अजून नाचणी पिकते त्यांच्यापुढे साधा हिशेब असतो. फुकटच्या रेशनच्या तांदळावर घर चालवायचं आणि नाचणी विकायची, किंवा पायथ्याशी आलेल्या पाहुण्यांना तिची भाकरी करून द्यायची.